बोस्निया : मोजदाद, फलक आणि दोन मिनिटं

युद्ध थांबवणाऱ्या करारातच देशाची राज्यघटना, असा प्रकार बोस्निया-हर्झेगोव्हिनात घडला. अमेरिकेतल्या डेटनमध्ये ठरलेल्या करारावर 14 डिसेंबर 1995 रोजी पॅरिसमध्ये सह्या झाल्या आणि त्याचं चौथं परिशिष्ट हीच घटना ठरली. राष्ट्राध्यक्ष तीन : एक बोस्नियाक (म्हणजे बोस्नियातला मुस्लिम), एक सर्ब, एक क्रोएट. तोफा थंडावल्या, पण जमात सांगितल्याशिवाय राजकारणाचा उंबरा ओलांडता येईना.

मागोमाग परदेशी पैसा आला आणि स्वयंसेवी संस्थांचं पेव फुटलं. पुष्कळांचा 'संवाद' हॉटेलातल्या शिबिरात सुरू व्हायचा आणि जेवणाबरोबर संपायचा. देणगीदाराचा रस बदलला की संस्थेचा विषयही बदले. माझ्या मते खरं काम केलं ते 'चला, बोलूया' असं न म्हणता एखादी नेमकी गोष्ट हाती घेणाऱ्यांनी.

उदाहरणार्थ, मृतांची मोजदाद. युद्धात दोन लाख माणसं गेली, असा आकडा वर्षानुवर्षं फिरत होता. सारायेव्होत मिरसाद तोकाचा यांच्या संशोधन केंद्राने नावानिशी यादी करायला घेतली. कोण, कुठला, कधी गेला, नागरिक की सैनिक, हे एकेका माणसाबद्दल तपासलं. 2012च्या 'बोस्नियाच्या मृतांचं पुस्तक' या चार खंडांच्या ग्रंथात आकडा निघाला 95,940. त्यात सुमारे 62,000 बोस्नियाक, 25,000 सर्ब आणि 8,400 क्रोएट. मृत नागरिकांत मात्र पाचांतले चार बोस्नियाक. झालं, सगळेच नाराज! बोस्नियाकांतले काही म्हणाले, आमचं दुःख निम्म्यावर आणलं. आणि 'सगळेच सारखे भरडले गेले' म्हणणाऱ्यांचीही या यादीने पंचाईत केली. पण फुगवलेला आकडा पुढच्या सुडाला कामी येतो. नाव, गाव आणि तारीख असलेल्या यादीशी हुज्जत घालायची, तर पुरावाच आणावा लागतो.

'अहिंसक कृती केंद्र' या गटाची रीत आणखी वेगळी. एकेकाळी एकमेकांवर गोळ्या झाडलेले माजी सैनिक एकत्र प्रवास करतात आणि तिन्ही बाजूंच्या स्मारकांवर फुलं वाहतात. ज्या शाळांत, व्यायामशाळांत, गोदामांत माणसं डांबली गेली आणि जिथे आज कसलीच खूण नाही, तिथे हा गट तात्पुरता फलक लावतो. इथे माणसांवर अत्याचार झाले, असं त्यावर असतं. कोणत्या जमातीच्या, ते नसतं. बळी ठरलेल्यांच्या काही संघटनांना अशा बिननावी दुःखाचा राग येईल, आणि तो अनाठायी म्हणता येणार नाही.

पुढची पिढी थेट शाळेवरून भांडली. परतणाऱ्या निर्वासितांच्या मुलांसाठी तात्पुरती म्हणून एक सोय झाली होती : इमारत एक, शाळा दोन, अभ्यासक्रम वेगळे. तात्पुरतं ते कायमचं झालं. याइत्से गावात 2016 साली बोस्नियाक मुलांसाठी वेगळी शाळा काढायचं ठरलं, तेव्हा बोस्नियाक आणि क्रोएट मुलं मिळून रस्त्यावर उतरली. पुढच्या वर्षी सरकारने बेत सोडला.

फेब्रुवारी 2014मध्ये तुझ्ला शहरात खासगीकरणाने देशोधडीला लागलेले कामगार उठले. सरकारी इमारत पेटली, प्रांतिक सरकारने राजीनामा दिला. मग नागरिक सभागृहात जमू लागले. या सभांना 'प्लेनम' म्हणत : पुढारी नाही, पक्ष नाही, बोलणाऱ्याला दोन मिनिटं. पद गेल्यावरही वर्षभर पगार घेण्याची मंत्र्यांची सवलत या सभांनी त्या प्रांतात रद्द करून घेतली. प्लेनम काही महिन्यांत विरले. पण तिथे जमातीआधी पगाराची चर्चा झाली, ही या देशात लहान गोष्ट नव्हे.

घटना मात्र तीच राहिली. याकोब फिंची हे ज्यू. युद्धात सारायेव्होला वेढा पडला, त्या काळात तिथल्या 'ला बेनेव्होलेन्सिया' या ज्यू संस्थेचं काम त्यांनी चालवलं. तिथे औषध आणि जेवण मिळायला जात विचारली जात नसे. राष्ट्राध्यक्षपदाला मात्र ते उभे राहू शकत नाहीत, कारण ते तिन्हींपैकी कोणी नाहीत. रोमा समाजाचे देर्वो सेयदिच यांचीही तीच गत. दोघे स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेले आणि 22 डिसेंबर 2009 रोजी जिंकले. त्यानंतर 2010, 2014, 2018 आणि 2022 अशा चार निवडणुका झाल्या. चारही जुन्याच नियमाने.