ऐंशी रुपयांच्या खालची दारू

जून 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने 180 मिलीच्या बाटलीला किमान किरकोळ किंमत ठरवून दिली. देशी 80 रुपये, धान्यापासूनची नवी 'महाराष्ट्र मेड लिकर' 148, भारतीय बनावटीची विदेशी 205, उंची विदेशी 360. तेव्हा करमाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका मावशींनी मला अडवून विचारलं, "दर वाढला म्हणजे ह्यांचं पिणं कमी होणार की माझा किराणा?"

त्या प्रश्नाने मागचं सगळं डोळ्यांपुढे आलं. 1949 चा दारूबंदी कायदा, पुढे परवाने, मग 2008 पासून महिलांच्या मतदानाने दुकान बंद करण्याची सोय. बंदीच्या बाजूचं चिन्ह असलेल्या आडव्या बाटलीला मत द्यायला बाया उन्हात रांगा लावतात, याचं मला आजही अप्रूप वाटतं. 2021 मध्ये मात्र दोन उलट गोष्टी घडल्या. नोव्हेंबरात सरकारने आयात स्कॉचवरचं शुल्क 300 वरून 150 टक्क्यांवर आणलं. आणि त्याच वर्षी तत्कालीन पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांच्या नेतृत्वाखाली सोलापूर ग्रामीण पोलिसांनी 'ऑपरेशन परिवर्तन' हाती घेतलं. हातभट्ट्या नुसत्या फोडल्या नाहीत. दारू गाळणाऱ्या घरांना दुसरा धंदा मिळावा म्हणून खटपट केली.

किमान दराचं गणित मला या हातभट्ट्यांमुळेच उलगडलं. स्कॉटलंडने 1 मे 2018 पासून मद्यार्काच्या प्रत्येक एककाला 50 पेन्सचा किमान दर लावला. दारूमुळे होणारे मृत्यू अंदाजापेक्षा 13.4 टक्क्यांनी घटल्याचं तिथल्या आरोग्य यंत्रणेने 2023 मध्ये मांडलं. तिथे दर मद्यार्काला आहे, आपल्याकडे बाटलीच्या प्रकाराला. देशी आणि विदेशी, दोन्हींचा कडकपणा जवळपास सारखाच. म्हणून 205 परवडेना झाले की माणूस 80 वर उतरतो. आणि 80 च्याही खाली हातभट्टी आहेच! तिला ना कर, ना किमान दर, ना आत काय मिसळलंय याची तपासणी. सरकारने जून 2025 च्याच निर्णयातल्या शुल्कवाढीतून वर्षाला 14 हजार कोटींची जादा आवक धरली. त्यातला ठरावीक हिस्सा परिवर्तनसारख्या कामाला बांधून द्यायला हवा होता, असं मी ठामपणे म्हणतो.

मावशींनी त्यांच्यापुरता उपाय काढलाय. हजेरी हातात पडली की त्या घरी न जाता आधी वाण्याकडे जातात. तेल, साखर, चहापूड, पोरीची वही. उरलेल्या नोटा पदराच्या गाठीत बांधतात, आणि मगच घराकडे वळतात.