जंगल पेरणारा बुलबुल : गोव्याचा राज्यपक्षी आपल्याही घाटात

गोव्याचा राज्यपक्षी कोणता, असं विचारलं तर पटकन मोराचं नाव तोंडात येतं. पण तो मान आहे लाल गळ्याच्या पिवळ्या बुलबुलाचा. इंग्रजीत याला ‘फ्लेम-थ्रोटेड बुलबुल’ म्हणतात. मान गोव्याचा असला, तरी हे पाखरू चोर्ला घाटाच्या रानात आणि खानापूर तालुक्यातल्या भीमगड अभयारण्यातही आहे.

ओळखायला सोपं. डोकं काळंभोर, डोळे पांढरट, पाठ हिरवट, पोट पिवळंधमक आणि गळ्यावर शेंदरी-लाल पट्टा. गावातल्या बुलबुलासारखा डोक्यावर तुरा नसतो. जॉन गूल्ड यांनी १८३६ मध्ये याचं शास्त्रीय वर्णन केलं. पुढे बरीच वर्षं याला काळ्या तुऱ्याच्या बुलबुलाचीच उपजात मानत. आता ही वेगळी जात धरतात. जगात हा बुलबुल फक्त पश्चिम घाटात सापडतो.

किडे तो खातोच, पण मुख्य ओढ बारीक रानफळांची. गर पचतो, बी विष्ठेतून बाहेर पडतं, तेही मूळ झाडापासून लांब. याला महत्त्व आहे. आईच्याच सावलीत पडलेल्या बियांना ऊन कमी मिळतं, कीडही जास्त लागते. मोठी फळं पोहोचवायला धनेश आहे. बारीक बियांचं काम बुलबुलासारख्या लहान पाखरांवर. तोडलेल्या जागेत आधी उगवणाऱ्या चांदाड्यासारख्या झाडांचं बी अशीच पाखरं नेतात. त्यांच्या सावलीत मग पुढचं रान उभं राहतं.

अडचण इथेच आहे. काजू लावताना किंवा देवराई ‘स्वच्छ’ करताना मोठी झाडं ठेवतात आणि खालचं झुडूप सरसकट तोडतात. बघायला रान तसंच दिसतं. पण बुलबुलाची बरीचशी फळं त्याच झुडपांवर, आणि घरटंही तिथंच. पिवळी पानं कोळ्याच्या जाळ्याने बांधून तो बुटक्या झुडपात घरटं करतो; अंडी बहुधा दोनच. झुडूप गेलं की खाणं गेलं, पिल्लंही गेली. नवी रोपं मग येणार कुठून?

काजू लावू नका, असं कुणी म्हणत नाही. ओहोळाच्या काठचा आणि बांधावरचा झुडपांचा पट्टा तेवढा राखा. कोयता चालवण्याआधी फांद्यांत घरटं आहे का, एवढं बघा. रोपवाटिकेचा खर्च न घेता रान लावणारा हा गडी आहे. त्याला जागा तरी हवी.