पहाटेची झोप आणि मेंदूतल्या लहरी

बंद पापण्यांआड बुबुळे झपाट्याने फिरतात ती आरईएम झोप. शिकागो विद्यापीठातील युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी १९५३ साली ती जगापुढे मांडली. ॲसेरिन्स्की यांनी सुरुवातीच्या काही नोंदी आपल्याच आठ वर्षांच्या मुलावर घेतल्या होत्या. प्रौढ माणसाच्या रात्रीत ही झोप साधारण दर ९० मिनिटांनी, चार-पाच वेळा येते आणि एकूण झोपेचा २० ते २५ टक्के भाग व्यापते. पहिली खेप जेमतेम काही मिनिटांची, पहाटेची मात्र चांगली लांबलचक. साखरझोपेत स्वप्नांची गर्दी होते ती यामुळेच. पहाटेचे स्वप्न खरे होते ही समजूत सोडून द्यावी. ते लक्षात राहते एवढे मात्र खरे, कारण जाग बहुधा त्यातूनच येते.

डोक्याला तारा लावून काढलेल्या ईईजीत गाढ झोपेच्या लहरी उंच आणि संथ दिसतात. आरईएम सुरू झाली की त्या मोडतात आणि आलेख जाग्या माणसासारखा बारीक, घाईचा होतो. त्यात ४ ते ८ हर्ट्झच्या थीटा लहरी असतात, जागेपणीपेक्षा किंचित संथ अल्फा असतात. हनुवटीच्या स्नायूची रेघ मात्र जवळपास सपाट पडते. मेंदू जागा, शरीर लुळे, असा हा उलटा प्रकार पाहून फ्रान्सच्या मिशेल झुव्हे यांनी तिला विरोधाभासी झोप म्हटले.

ही झोपही सलग एकसारखी नसते. टॉनिक आणि फेजिक अशा दोन अवस्था तिच्यात आलटून पालटून येतात. टॉनिक अवस्थेत डोळे स्थिर असतात, अल्फा-बीटा लहरी तुलनेने ठळक असतात आणि बाहेरचा आवाज मेंदूपर्यंत थोडाफार पोचतो. मग आलेखावर करवतीच्या दात्यांसारख्या २ ते ६ हर्ट्झच्या त्रिकोणी लहरी उमटतात. त्यांच्या मागोमाग, बरेचदा त्यांच्यासोबतच, फेजिक अवस्था येते: बुबुळांची धावपळ, बोटांचे झटके, श्वास आणि नाडी अनियमित. गॅमा लहरी वाढतात, अल्फा-बीटा ओसरतात आणि मेंदू बाहेरच्या जगाला दार लावून घेतो. अशा वेळी माणूस हाकेला सहज ओ देत नाही. मांजरांत याच वेळी मेंदूच्या देठातून दृष्टिकेंद्राकडे धावणाऱ्या पीजीओ लहरी थेट मोजता आल्या आहेत. माणसात पुरावा बहुतेक अप्रत्यक्षच आहे.

स्नायू लुळे ठेवणारी यंत्रणा बिघडली तर माणूस स्वप्नातल्या मारामारीत खरोखर हातपाय झाडतो. उतारवयात असे वारंवार होत असेल तर मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवावे, कारण पुढे कंपवात होण्याची ती पूर्वसूचना असू शकते. घोरणाऱ्यांचा श्वास अडकण्याचा त्रासही आरईएममध्ये वाढतो. मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी मध्यमवयीन पुरुषांची पाहणी करून २००४ साली निष्कर्ष मांडले, तेव्हा १९.५ टक्के जणांत झोपेतील श्वासाचा बिघाड आढळला.

रिसोडसारख्या तालुक्यात रब्बीचे ओलित बरेचदा रात्रीच्या लाइनवर होते. हरभऱ्यात स्प्रिंकलरचे पाइप बदलायला मध्यरात्रीनंतर उठलेल्या शेतकऱ्याची नेमकी उत्तररात्र जाते, म्हणजे आरईएमचा मोठा वाटा. दिवसाची झोप तुटक आणि अपुरी असते. तिने ही तूट पुरती भरत नाही. कृषिपंपांना दिवसा वीज द्या या मागणीला झोपेच्या शास्त्राचाही आधार आहे.