सोमवारची प्लेट

10 जानेवारी 2022, अलिबाग

सकाळी 8
सोमवारी आमच्या प्रयोगशाळेत कोविडच्या नमुन्यांची खोकी नेहमीपेक्षा जास्त येतात. शनिवार-रविवार मुंबईकरांचा. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो निघते, तासाभरात मांडव्याला लागते आणि गाड्या थेट नागाव-काशीदपर्यंत जातात. तीन दिवसांपूर्वी एकट्या मुंबईत 20,971 रुग्ण सापडले. दुसऱ्या लाटेतला तिथला एका दिवसाचा उच्चांक 11,163 होता. रात्रीपासून राज्यात नवे निर्बंध लागलेत, पण आजचे नमुने त्याआधीच्या गर्दीचे आहेत.

सकाळी 9:30
चोंढी, रेवदंडा, मुरुडकडची गाडी आली. व्हॅक्सिन कॅरियर उघडायचा, नळी आणि फॉर्म जुळवून घ्यायचे. आइस पॅकच्या पाण्याने एका लेबलवरची शाई पसरलीये, नाव वाचता येतं, आयडी नाही. दुसऱ्या नळीचं झाकण आट्यांवर तिरकं बसलंय आणि गुलाबी द्रव पिशवीत उतरलाय. ती नाकारायची. “मॅडम, ती म्हातारी पुन्हा यायची नाही हो,” ड्रायव्हरकाका म्हणतात. त्यांचं खरं आहे. तरी पाझरलेली नळी कॅबिनेटमध्ये घेता येत नाही.

सकाळी 11
आरएनए वेगळा काढून प्लेट भरणं. 96 खळगे, एक पॉझिटिव्ह कंट्रोल, एक निगेटिव्ह, उरले 94. या तासात कुणी कुणाशी बोलत नाही. पिपेट एक खळगा चुकली तर पुढची सगळी ओळ दुसऱ्याच माणसांच्या नावावर जाते.

दुपारी 12:45
मशीन सुरू. डबे उघडले की चर्चा एकच: ओमायक्रॉनने डेल्टाला हरवलं का?

हरवलं म्हणायला दोघांची गाठ कुठे पडते? हिशेब वेगळाच आहे. समजा शंभर नमुन्यांत एक नव्या प्रकाराचा, 99 जुन्याचे. जुने आहेत तेवढेच राहिले आणि नवे दर तीन दिवसांनी दुप्पट झाले, तर एकवीस दिवसांत एकाचे 128 होतात. जुन्यांतला एकही कमी झालेला नसतो, तरी ते अल्पमतात जातात. शिवाय ओमायक्रॉनच्या काटेरी प्रथिनात तिसाहून अधिक बदल आहेत, त्यामुळे लस घेतलेल्यांना आणि डेल्टा होऊन गेलेल्यांनाही तो गाठतो. डेल्टाला तीच माणसं सहज मिळत नाहीत. एकाकडून दुसऱ्याकडे जायला ओमायक्रॉनला दिवसही कमी लागतात.

डेल्टा स्वतः असाच वर आला होता, आणि तोही आपल्याच राज्यात. 2021 च्या फेब्रुवारीत अमरावतीकडे रुग्ण वाढले. 24 मार्चला केंद्राने सांगितलं, की महाराष्ट्रातल्या 15 ते 20 टक्के नमुन्यांत नवा प्रकार दिसतोय. वर्तमानपत्रांनी त्याला ‘डबल म्युटंट’ म्हटलं. त्याच्या शाखांपैकी आधी बी.1.617.1 पुढे होता, बी.1.617.2 ने त्याला मागे टाकलं. पुढे मे अखेरीस ग्रीक अक्षरं मिळाली, तेव्हा पहिला कप्पा झाला, दुसरा डेल्टा.

प्रत्येक बदल असा फळतोच असं नाही. ऑगस्टमध्ये रायगडात डेल्टा प्लसच्या रुग्णाचा मृत्यू जाहीर झाला, तेव्हा आमचा फोन खाली ठेवता येत नव्हता. के417एन हा जादा बदल असूनही डेल्टा प्लसने डेल्टाची जागा घेतली नाही.

दुपारी 2:30
आलेख उघडले. आमचं किट विषाणूची तीन जनुकं शोधतं. डिसेंबरच्या सुरुवातीला पॉझिटिव्ह नमुन्यात तिन्ही रेघा वर चढायच्या. आता बहुतेक खळग्यांत दोनच चढतात. एस जनुकाची तळाला सपाट पडून राहते. ओमायक्रॉनच्या बीए.1 मध्ये तिथला बारीकसा तुकडा गळालेला आहे, म्हणून किटला तो सापडत नाही. मात्र सीटी, म्हणजे रेघ वर चढायला लागलेली आवर्तनं, तिशीच्या पुढे असेल तर यावर विसंबायचं नाही. विषाणूच कमी असला तरी एखादी रेघ दिसत नाही.

आणि हा मुरुडचा नमुना. सीटी 19, म्हणजे विषाणू भरपूर, आणि तिन्ही रेघा ठसठशीत. ज्युनियर लगेच वहीत लिहितो, ‘डेल्टा’. मी खोडायला लावते. बीए.2 मध्ये तो तुकडा शाबूत असतो. हा मागे उरलेला डेल्टा असेल किंवा बीए.1 च्याही पुढे निघालेला प्रकार असेल. आमच्या पडद्यावर मावळता आणि उगवता सारखेच दिसतात. (नंतरची भर: विषाणूचा जनुकीय क्रम वाचणाऱ्या प्रयोगशाळांच्या जाळ्याने, इन्साकॉगने, याच तारखेच्या बुलेटिनमध्ये हा इशारा दिला, ते जाहीर झालं 23 जानेवारीला.)

संध्याकाळी 4:15
जनुकीय क्रमवारीसाठी नमुने निवडणं. जिल्ह्यामागे महिन्याला शंभर पाठवायचे आहेत. कमी सीटीचे हवेत, नाहीतर क्रम अर्धवट वाचला जातो. तेवढ्याच अटीवर निवडलं तर पेटी पनवेल आणि रिसॉर्टच्या पट्ट्यातच भरते. शिवाय बरीच शहरी मंडळी घरच्या किटवर तपासतात आणि कळवत नाहीत. कोळीवाड्यात अंग दुखलं तरी बोट चुकवत नाहीत. मग कागदावर ‘रायगडात ओमायक्रॉन इतके टक्के’ असं उमटतं, पण ते टक्के स्वॅब द्यायला आलेल्यांचे असतात.

संध्याकाळी 6:30
अहवाल पोर्टलवर चढले. थेरोंड्याच्या ओळखीच्या मावशींचा फोन: “पोराला बोटीवर धाडू का नको, येवढा सांग.” नको. सात दिवस घरी, आणि शेवटचे तीन दिवस ताप नको. प्रकार कुठला, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांच्या कामाचं उत्तर दोन्हीकडे सारखंच आहे.

रात्री 8
आयसीएमआरची नवी सूचना व्हॉट्सअॅपवर आली: वय किंवा सहव्याधींमुळे जोखीम नसेल तर बाधितांच्या संपर्कातल्यांची चाचणी नको. आमच्यावरचा ताण उतरेल, हे कबूल. पण लक्षणं नसलेले संपर्कातले लोकच आता प्लेटवर येणार नाहीत, आणि पुढचा प्रकार आधी त्यांच्यातूनच फिरेल. म्हणून उद्याच्या यादीत एक बदल केला: आधी मुरुड, म्हसळा, श्रीवर्धनच्या जागा भरायच्या, उरलेल्या पनवेलला. खोडलेल्या शब्दाचा तो मुरुडचा नमुना पहिल्या क्रमांकावर.