वडशाचे नाटक आणि पुण्याचा डबा

सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात, आणि ते रास्तच आहे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी तिथे ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, हे आपण शाळेपासून वाचत आलो. परंतु ज्या गावी किराणा दुकानांच्या पाट्यांसारख्या नाटक कंपन्यांच्या पाट्या लागलेल्या असतात आणि खेड्यापाड्यांतले कारभारी लोक बी-बियाणे घ्यावे तसे ‘यंदा कोणते नाटक न्यावे’ म्हणून दारोदार चौकशी करीत हिंडतात, असे गाव पाहावयाचे असेल तर वैनगंगेच्या काठी वडशाला जावे लागेल. सरकारी दप्तरात त्याचे नाव देसाईगंज. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा निराळा झाला तोवर ते चंद्रपूर जिल्ह्यात होते. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारी गाडी इथे थांबते, आणि वर्षानुवर्षे साऱ्या गडचिरोली जिल्ह्यात रेल्वेचे स्थानक म्हणून जे काय होते ते हे एवढेच.

दिवाळी झाली की झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या आणि जंगलाच्या मुलखात, नाटकांचा हंगाम उभा राहतो तो थेट होळीपर्यंत. रात्री दहाच्या सुमारास पडदा वर जातो आणि नाटक संपते तेव्हा कोंबडा आरवत असतो. आपल्याकडे अडीच तासांत मंडळी घड्याळाकडे पाहू लागतात. तिकडे मध्यरात्री नाटक कुठे रंगात येते! याच रंगभूमीवर पाच हजारांहून अधिक प्रयोग केलेले कुरखेडा तालुक्यातले परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा कुठे पुण्यामुंबईच्या पुष्कळांना झाडीपट्टी हे नाव कळले.

माझ्या आईचे माहेर त्या भागातले. तिचे वय आता ऐंशीच्या घरात, गुडघे दुखरे, आणि पुण्याहून वडसा म्हणजे एक रात्र आणि वर अर्धा दिवस. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी प्रवास बंद केला. आई काही बोलली नाही; पण भाऊबीज झाली की ती रोज एकदा तरी विचारी, “आज कोनाच्या गावाले नाटक असंल?” हे ऐकून घेणे कठीण जाई. म्हणून गेल्या हंगामात वडशाच्या माझ्या मामेभावाला गळ घातली. त्याने कंपनीच्या व्यवस्थापकाची रीतसर परवानगी घेतली, ‘हे घरच्या घरी पाहायचे, कोणाला पुढे धाडायचे नाही’ असा शब्द दिला (कंपन्यांचे पोट तिकिटांवर आहे, तेव्हा हा शब्द मागणे अगदी योग्य होते), आणि मोबाईल एका काठीला बांधून नाटक टिपले. आठ दिवसांनी पुण्याला येणाऱ्या एका शेजाऱ्याच्या हाती ते एका पेन ड्राइव्हमध्ये, पोह्यांच्या पिशवीसह, आमच्याकडे पोहोचले.

आमच्या दूरदर्शन संचाला एक काळा डबा लावलेला आहे. साबणाच्या वडीएवढा, त्यात पेन ड्राइव्ह खोचला की चित्र दिसते. नऊ-दहा वर्षांपूर्वी घेतला तेव्हा दुकानदार म्हणाला होता, “साहेब, यात सगळं चालतं.” आई चष्मा पुसून समोर बसली. पडदा वर गेला, पेटीचे सूर आले, आणि दोन मिनिटांत सारा विचका झाला. आवाज पुढे धावू लागला आणि चित्र मागे लंगडू लागले. खलनायकाने आरोळी ठोकून प्राण सोडला, त्याच्या बायकोने हंबरडा फोडला. पडद्यावर मात तो अजून ऐटीत तलवार फिरवीतच होता! मग चित्र गोठले, चौकोन चौकोन झाले, नायिकेचे तोंड निम्मे इकडे नि निम्मे तिकडे.

“काहून रे,” आई म्हणाली, “हा मेला नं आता? मंग तलवार काहून फिरवते?”

मी आधी मामेभावाला दोष दिला, मग पेन ड्राइव्हला, मग बाजारातून नवी तार आणली. आईने चष्मा काढून ठेवला आणि “राहू दे, तुले काम असंल” म्हणून आत निघून गेली. ते ‘राहू दे’ मला फार लागले.

शेवटी धावून आली ती माझी पुतणी. संगणकाचे शिक्षण घेते. तिने डब्यावर कसलीशी खटपट केली, पडद्याच्या कोपऱ्यातली दोन इंग्रजी अक्षरे मला दाखवली आणि म्हणाली, “काका, नाटकात काही बिघाड नाही, तारेतही नाही. तुमचा डबा धान उखळात कांडतोय.”

हे वाक्य मला समजायला एक संध्याकाळ लागली. पण समजले तेव्हा इतके सोपे वाटले, की वाचकांना सांगितल्यावाचून राहवत नाही.

चलच्चित्र म्हणजे एकामागून एक भरभर दाखवलेली स्थिरचित्रे, हे ठाऊकच आहे. आजच्या पडद्यावरचे एक चित्र १९२० ठिपके रुंद आणि १०८० ठिपके उंच; म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. अशी सेकंदाला पंचवीस चित्रे धरली तर सेकंदाला पाच कोटी अठरा लाख ठिपके झाले. प्रत्येक ठिपक्याचे तांबडा, हिरवा, निळा असे तीन आकडे जसेच्या तसे लिहून ठेवायचे म्हटले, तर आमचा बत्तीस जीबीचा पेन ड्राइव्ह साडेतीन मिनिटांच्या आत भरला असता. नांदीसुद्धा पुरी झाली नसती! मग त्यात अडीच तासांचे नाटक मावले कसे?

मावले ते पडद्यामुळे. झाडीपट्टीच्या रंगमंचावर मागे रंगवलेला पडदा असतो, राजवाड्याचा नाही तर जंगलाचा. प्रवेश चालू असेतो तो पडदा बदलत नाही. हलतात ती पात्रे. तेव्हा चित्र आटोपशीर करणारी युक्ती म्हणते, की पडदा एकदाच लिहा. पुढच्या चित्रासाठी एवढेच लिहा की मागचे सारे तसेच, फक्त हा तुकडा चार ठिपके उजवीकडे सरकला. एच-२६४ नावाची पद्धत २००३ साली ठरली, ती चित्राचे सोळा बाय सोळा ठिपक्यांचे चौकोन पाडते आणि कोणता चौकोन कुठून आणावा हे टिपून ठेवते. जिथे अगदीच नवे काही आले तिथेच काय ते नवे लिहायचे, तेही डोळ्याला न जाणवणारा बारीकसारीक तपशील गाळून.

लिहिताना वाचले ते दाखवताना फेडावे लागते. सारे ठिपके पुन्हा उभे करायचे, सेकंदाला पंचवीस वेळा, न चुकता. कारण पुढचे चित्र मागच्यावरच टेकलेले. मागचे बिघडले की पुढची सगळी बिघडतात. नायिकेच्या तोंडाचे जे चौकोन झाले ते यामुळे. आवाज उलगडण्याचे काम त्या मानाने फारच हलके, म्हणून तो वेळेवर पुढे जातो आणि चित्र मागे राहते. खलनायक मेल्यानंतरही तलवार का फिरवीत होता, याचे उत्तर एवढेच.

हे काम डब्यात करतो कोण? डब्याच्या चिपमध्ये एक मुख्य प्रोसेसर असतो. तो शेतावरच्या हुशार गड्यासारखा. नांगर धर म्हटले तर धरील, बांध घाल म्हटले तर घालील, उखळात धान कांड म्हटले तर तेही करील. पण एका गड्याने मुसळ हाणून किती धान कांडायचे? म्हणून चिप बनवणारे शेजारीच एक राइस मिल बसवतात. वडशाच्या बाजूला धान भरडाईच्या मिली पाहिल्या असतील त्यांना निराळे सांगायला नको. इकडून धान ओतले की तिकडून तांदूळ. वेग गड्याच्या कितीतरी पट आणि खर्च थोडा. चिपमधली ही मिल म्हणजे निव्वळ चित्र उलगडण्यासाठी पक्क्या जोडणीने बनवलेला भाग. तिला दुसरे काही येत नाही, पण जे येते ते ती न तापता, न दमता करते. मोबाईलवर तास तास चित्रे पाहूनही तो हातात निखारा होत नाही, तो तिच्यामुळे.

मात्र मिलीला एक खोड असते. भाताच्या मिलीत ज्वारी घातली तर पीठ मिळत नाही. आमच्या डब्यातल्या मिलीला एच-२६४ येत होते. २०१३ साली त्याहून सरस अशी एच-२६५ पद्धत निघाली. तिचे चौकोन चौसष्ट बाय चौसष्टपर्यंत मोठे असू शकतात आणि तेवढ्याच सुबकपणाला तिला जागा जवळजवळ निम्मी लागते. मामेभावाचा फोन नवा. जागा वाचावी म्हणून त्याने नाटक गुपचूप नव्या पद्धतीत लिहिले. इकडे डब्याची मिल म्हणाली, हे धान माझ्या ओळखीचे नाही. मग सारे पोते पडले गड्याच्या डोक्यावर.

आता यात तिसरे पात्र आहे आणि माझ्या मते खरे नाटक त्याचेच. तो म्हणजे मुकादम. डब्यातली ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात ती. आमच्या डब्यात अँड्रॉइड आहे, म्हणजे मुळात लिनक्सच. आलेले पोते कसले आहे हे ओळखणे, मिलीकडे धाडणे आणि निघालेला तांदूळ वाटेत न सांडता थेट पडद्यावर पोहोचवणे, हे सारे त्याचे काम. मिलीशी बोलायला त्याला ड्रायव्हर नावाचा दुभाष्या लागतो. दुभाष्या नसला तर दारात चांगली मिल असूनही मुकादम बिचाऱ्या गड्यालाच मुसळ देतो! नवी ऑपरेटिंग सिस्टिम चढवली आणि काल चालणारे चित्र आज अडखळू लागले, असे कोणी सांगितले तर दुभाष्या हरवला असावा असे खुशाल समजावे.

कधी कधी मिल असते, दुभाष्याही असतो, पण दाराला कुलूप असते. रास्पबेरी पाय हा पत्त्यांच्या जोडाएवढा संगणक २०१२ साली इंग्लंडात निघाला. त्याचा मुख्य प्रोसेसर ७०० मेगाहर्ट्झचा, म्हणजे तसा किरकोळ अंगाचा गडी. पण शेजारची मिल अशी तगडी की एच-२६४ चे मोठे चित्र सहज पेलावे. त्याच मिलीला जुनी एमपेग-२ पद्धतही येत होती. तिच्या पेटंटाची रक्कम आधीच भरायची तर संगणकाची किंमत वाढती, म्हणून ती बंद ठेवली आणि ज्याला हवी त्याने सुमारे अडीच पौंड भरून किल्ली घ्यावी असे ठरले. आणखी मौज पुढे आहे. २०२३ सालच्या पाचव्या अवतारात त्यांनी एच-२६४ ची मिलच काढून टाकली! आता गडीच इतका धिप्पाड झाला आहे, की ते काम तो हाताने उरकतो. मिल ठेवली ती एच-२६५ ची.

ही अडचण एकट्या आमच्या घरची नाही. डीडी फ्री डिश ही दूरदर्शनची विनाशुल्क सेवा २००४ च्या डिसेंबरात डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. पुढे तिच्यावर काही वाहिन्या एमपेग-४ पद्धतीने येऊ लागल्या, तेव्हा एमपेग-२ चे जुने डबे असलेल्या घरांत त्या दिसेनात. छत्रीही तीच, तारही तीच. खेड्यातला माणूस छपरावर चढून छत्री इकडेतिकडे फिरवीत बसतो आणि दोष असतो खाली, डब्याच्या पोटात. तेव्हा डबा घेताना ‘सगळं चालतं’ यावर विसंबू नका. खोक्यावर एच-२६५ लिहिले आहे का, आणि आणखी पुढचे हवे तर २०१८ साली आलेली एव्ही-१ पद्धत लिहिली आहे का, ते वाचून घ्या. दुकानदार रागावला तर रागावू द्या.

पुतणी म्हणाली, “नवा डबा घ्या, नाहीतर धान तरी बदला.” महिनाअखेर होती, आम्ही धान बदलले. घरच्या लॅपटॉपवर तिने नाटक जुन्या पद्धतीत पुन्हा लिहायला लावले. यंत्र रात्रभर घरघरत होते, पंखा मोठ्याने फिरत होता, आणि मी दोनदा उठून आकडा किती पुढे सरकला ते पाहून आलो. सकाळी पाहतो तो नाटक आकाराने जवळजवळ दुप्पट झालेले. पण पेन ड्राइव्हमध्ये मावत होते.

रात्री दहा वाजता आईला बसवले. मुद्दामच दहाला. या खेपेस आरोळी आणि मरण एकाच क्षणी आले. आई पुढे सरकून बसली. जंगलाचा पडदा आला तेव्हा म्हणाली, “याले खाली ठिगर लावलं हाये, दिसते का?” मला दिसले नव्हते. पुतणीने पाहिले; खरेच, उजव्या कोपऱ्यात ठिगळ होते. एकदा आई रडली, दोनदा हसली, आणि मधल्या लावणीला “हे आमच्या वक्ती नव्हतं” असे म्हणून शेवटपर्यंत पाहत राहिली.

साडेबारा वाजता चित्र एकाएकी संपले. नायक तुरुंगात, आई वेडी झालेली, आणि बहिणीचे लग्न उद्यावर. आता काय बिघडले म्हणून मी डबा काढला, पुन्हा लावला. मग तशाच रात्री वडशाला फोन केला. मामेभाऊ जागाच होता. कुठल्याशा गावी नाटकाला बसलेला, मागून तबला ऐकू येत होता.

“दादा, बिघडलं नाही काही,” तो ओरडून म्हणाला, “माझ्या फोनमधली जागाच संपली होती!”

मी आईला सांगितले. तिने क्षणभर विचार केला.

“पुढच्या साली मोठा फोन आन म्हना त्याले,” ती म्हणाली, आणि नायक कसा सुटतो ते आम्हांला सांगू लागली.