आधी जुडी, मग पाढा

मुलाला एकापासून शंभरापर्यंत आकडे म्हणता येऊ लागले की घरातील वडीलधाऱ्यांस मोठी धन्यता वाटते. पाहुणे आले म्हणजे ‘म्हणून दाखव पाहू’ असा आग्रह होतो, आणि मूलही एका दमात शंभराचा पल्ला गाठून सर्वांच्या कौतुकास पात्र होते. परंतु त्याच मुलास ‘सत्तावन्न लिही’ असे सांगितले, तर पाटीवर पुष्कळदा ७५ उमटतात. मग ‘लक्ष कोठे आहे तुझे?’ म्हणून ते बोलणी खाते. आमच्या मते येथे अपराध मुलाचा नाही. त्याने कानांनी ऐकले तसेच लिहिले. सत्तावन्न या शब्दात सात आधी येतात आणि पन्नास मागून. लिहिताना मात्र पाच आधी मांडावे लागतात.

मराठी संख्यानामांची ही अडचण लहानसहान नाही. ‘एकोणतीस’ म्हणजे तिसाला एक उणा. नाव तिसाचे आणि लिहावयाचे दोन! एकोणिसापासून एकोणनव्वदापर्यंत अशी आठ नावे आहेत, आणि हा नियम कसाबसा अंगवळणी पडतो तोच ‘नव्याण्णव’ तो मोडून टाकते. त्यातच त्रेपन्न, अठ्ठ्याहत्तर अशी जोडाक्षरे. कानडी, तेलुगू, तमिळ या भाषांत दशक आधी व एकक नंतर बोलतात. त्या मुलांचे बोलणे आणि लिहिणे एकाच दिशेने चालते. जर्मन मुलांस मात्र आपल्यासारखेच उलटे बोलावे लागते.

याच प्रश्नावर २०१९ सालच्या जून महिन्यात महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात रूढ नावांच्या जोडीला ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी नावे दिली होती. वृत्तपत्रांतून थट्टा झाली, विधिमंडळापर्यंत विषय गेला, आणि भाषा बुडाली असाही आक्रोश झाला. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर (१९४३–२०२३) यांनी शांतपणे खुलासा केला, की जुनी नावे काढून टाकलेली नाहीत; जोडाक्षरे आणि उलटा क्रम यांमुळे काही मुले आरंभीच गणिताला बिचकतात, त्यांच्यासाठी ही सोय आहे. ‘गणितगप्पा’ लिहून मुलांस गणिताची गोडी लावणाऱ्या विदुषीचे ते म्हणणे होते.

आम्हांस असे वाटते की, या वादात दोन्ही पक्षांचे खरे असे काही होते. ‘सत्तावीस’ हा शब्द आपल्या भाषेचे धन आहे. तो टाकून कसा चालेल? परंतु ‘वीस आणि सात’ हे ज्याने डोळ्यांनी पाहिले नाही, त्याला सत्तावीस हा केवळ एक आवाज आहे. म्हणून वस्तू आधी, तिचे उलगडून सांगितलेले नाव नंतर, आणि रूढ नाव त्यावर, असा क्रम धरावा. पायरी म्हणजे घर नव्हे. पण पायरीवाचून घरात चढताही येत नाही.

या वस्तूंसाठी बाजारात जावयास नको. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे, व पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, बालशिक्षणाचे जे कार्य केले, त्यात शंख-शिंपले, बिया, खडे, पाने हीच मुलांची साधने होती. उल्हास नदीच्या काठी वसलेले, कर्जतच्या नगरपरिषदेत मोडणारे दहिवली घ्या. अशा गावी चिंचोके, नदीतले गोटे आणि भाताच्या काड्या यांना काय तोटा? या भागातील शाळांतून ठाकर आणि कातकरी घरांतलीही मुले येतात. त्यांच्या घरची बोली निराळी; त्यांना पुस्तकी संख्यानामे दुप्पट परकी. काड्यांची जुडी मात्र कोणत्याही बोलीत दहाचीच असते. आणि ज्या घरचे नातवंड इंग्रजी शाळेत जाते, तेथे आजीचे ‘सत्तेचाळीस’ त्याला कळत नाही, ते घरही या बाबतीत त्याच नावेत बसलेले आहे.

आता प्रत्यक्ष रीत सांगतो. खराट्याचे हीर सारख्या लांबीचे तोडून मुलाकडूनच दहा-दहांच्या जुड्या बांधवाव्या. दोन जुड्या व सात सुटे हीर पुढे ठेवून ‘वीस आणि सात, म्हणजे सत्तावीस’ असे म्हणावे आणि जुड्यांचा अंक डावीकडे, सुट्यांचा उजवीकडे लिहवून घ्यावा. पंधरवडाभर हे चालले की बत्तीस आणि तेवीस यांचा घोटाळा पुष्कळच कमी होतो.

वजाबाकीत तर ही जुडी मोठीच उपयोगी पडते. ३२ मधून १७ काढावयाचे आहेत. सुटे हीर दोनच, त्यांतून सात कसे जाणार? आपण ‘शेजारून एक उसना घे’ असे शिकवितो. पण उसनी साखर परत करावी लागते हे मुलास घरी ठाऊक असते; येथे परत कोण करतो? त्यापेक्षा एक जुडी सोडावी. दहाच्या नोटेची मोड घ्यावी तसेच हे. दोन जुड्या आणि बारा सुटे झाले. सात काढले, पाच उरले. एक जुडी काढली, एक उरली. उत्तर पंधरा. हाताने जुडी सोडलेले मूल हातच्याची रीत सहसा विसरत नाही.

पाढ्यांविषयीही दोन शब्द. तिसापर्यंतचे पाढे संध्याकाळी परवच्याला म्हणण्याची चाल उत्तम होती आणि ती मोडावी असे आम्ही मुळीच म्हणत नाही. परंतु पाढा आधी रचावा, मग घोकावा. चिंचोक्यांच्या सात ओळी, प्रत्येकीत आठ. पाच ओळींचे चाळीस, दोहोंचे सोळा, मिळून छप्पन्न. तोच पट फिरवून पाहिला तर आठ ओळींत सात-सात, चिंचोके तेवढेच. हे एकदा उमजले की दहापर्यंतच्या शंभर गुणाकारांतले वेगळे असे पंचावन्नच राहतात. एकाचा व दहाचा पाढा वगळला तर छत्तीस. दोनाचा व पाचाचा आला की अवघे एकवीस! शंभराच्या ओझ्याऐवजी एकविसांचे ओझे मूल हसत उचलील. एखाद्या वेळी ‘साती आठे’ आठवले नाही, तरी ते रडत बसणार नाही. पाच ओळींवरून पुन्हा छप्पन्नास पोहोचेल.

भागाकाराचेही दोन प्रकार घरातच दाखवावे. चोवीस लाडू सहा मुलांत वाटले तर प्रत्येकास किती, हा एक; आणि एका डब्यात सहा बसतात तर डबे किती, हा दुसरा. उत्तर दोन्हींकडे चारच. पण पहिल्यात ते चार लाडू आहेत, दुसऱ्यात चार डबे.

पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी यांचे एक कारण आणे-पैचा हिशेब हे होते. सोळा आण्यांच्या रुपयाची पाव आणि पाऊण पदोपदी लागे. १ एप्रिल १९५७ रोजी शंभर पैशांचा रुपया आला आणि हे पाढे हळूहळू मागे पडले. तरीही पाव किलो डाळ, दीड वाटी तांदूळ, अडीच मीटर कापड हे व्यवहार चालूच आहेत. स्वयंपाकघरात आजीने नातवाकडून दिडीने तांदूळ मोजून घेतले, तर दिडकी पुन्हा जिवंत होईल.

एवढे मात्र सांभाळावे: बोटे मोजणाऱ्या मुलास हिणवू नये, आणि चुलत भावंडांची एकमेकांशी तुलना करून चारचौघांत परीक्षा घेऊ नये. एकत्र कुटुंबात शिकविणारे हात पुष्कळ असतात, तसेच नावे ठेवणारी तोंडेही पुष्कळ असतात. सहाव्या-सातव्या वर्षी ‘मला गणित येत नाही’ हे वाक्य मुलाच्या मनात रुजले, तर ते उपटावयास पुढे वर्षे लागतात. रोज पंधरा मिनिटे, मूठभर चिंचोके आणि थोडा धीर, एवढे ज्या घरी मिळेल तेथे ते वाक्य सहसा रुजणार नाही.