यंत्रातला यमन

१९८२ साली एच.एम.व्ही.ने मुंबईच्या चरणजित सिंग यांची एक ध्वनिमुद्रिका काढली. नाव होते 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट'. चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या या वादकाने भैरव, यमन, मालकंस असे दहा राग रोलँड या जपानी कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक वाद्यांवर बसवले. तेव्हा तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. २०१० मध्ये ती पुन्हा प्रकाशित झाली आणि जगभरचे श्रोते चकित झाले. १९८७ च्या सुमारास शिकागोत गाजू लागलेल्या 'ॲसिड हाउस' संगीताशी तिचे विलक्षण साम्य होते. खर्जातले सूर काढणारे यंत्रही तेच होते : टीबी-३०३.

यंत्रात राग शिरतो तेव्हा त्यातले काय टिकते आणि काय बदलते?

टीबी-३०३ मध्ये १६ घरांची एक माळ असते. प्रत्येक घरात कोणता स्वर वाजवायचा ते आधी भरून ठेवायचे. मिनिटाला १२० ठोके आणि एका ठोक्यात चार घरे धरली, तर पूर्ण माळ दोन सेकंदांत संपते आणि पुन्हा सुरू होते. मालकंसात रिषभ आणि पंचम वर्ज्य आहेत. ते भरलेच नाहीत, तर यंत्र हा नियम कधीच मोडणार नाही. म्हणजे रागाचे स्वर टिकतात.

मींडेचे काय? एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरण्याची सोय या यंत्रात आहे, पण घसरण्याचा वेळ ठरलेला. गायक मात्र तो वेळ आणि घसरण्याचे वळण दोन्ही दर वेळी बदलतो.

तिसरा फरक वर्गात ऐकता येतो. की-बोर्डवर सप्तकाचे १२ सारखे भाग असतात. लागोपाठच्या दोन पट्ट्यांच्या कंपनसंख्यांचे गुणोत्तर १.०५९५. अशा चार पायऱ्या चढल्या की गांधार येतो, षड्जाच्या १.२६ पट. तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा गांधार मात्र ५/४, म्हणजे १.२५ पटीचा असतो. समजा, खर्जाची तार सेकंदाला १२० कंपने करते. तिचा पाचवा स्वरांश ६०० कंपनांचा, म्हणजे तार सप्तकातला गांधार. षड्ज नीट जुळवून की-बोर्डवर तोच गांधार वाजवला, तर सुमारे ६०५ कंपने येतात. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला सुमारे पाच वेळा आवाज कमी-जास्त होतो. यालाच विस्पंद म्हणतात.

नवी मुंबईतल्या कितीतरी शाळांत प्रार्थना पेटीवर किंवा की-बोर्डवर होते. मुलांच्या कानांना सवय लागते ती त्याच गांधाराची. म्हणून एकदा तरी तंबोरा आणि की-बोर्ड शेजारी ठेवून मुलांना हे विस्पंद मोजायला सांगावेत. त्यानंतर चरणजित सिंग यांचा यमन ऐकवावा. तो राग आहे की नाही, यावर वर्गात वाद होऊ द्यावा. पण आधी कानांना मोजमाप कळलेले असावे.